सरकारी आर्ट गॅलरीच्या डायरेक्टरला पगार किती आणि मान किती?

प्रश्न असा आलाय: मुलगी बडोद्याला म्युझियॉलॉजी म्हणजे संग्रहालयशास्त्र शिकतेय, पुढे सरकारी आर्ट गॅलरीतच जायचं म्हणते, तर एनजीएमएसारख्या ठिकाणी डायरेक्टरला पगार किती मिळतो, त्या खुर्चीला मान किती, आणि मुळात कलेचा माणूस तिथवर पोचतो का की शेवटी आयएएसच येऊन बसतो. मी या क्षेत्रात आयुष्य काढलंय, आधी कॉन्झर्व्हेशन लॅबमध्ये आणि नंतर क्युरेटर म्हणून, सरकारी नोकरीही केली आणि ट्रस्टच्या म्युझियममध्येही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पगाराचं आधी उरकून टाकू कारण ते सगळं छापील आहे. एनजीएमए म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, ही केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखाली येते, तिथे सातव्या वेतन आयोगाचा तक्ता लागू. मंत्रालयातला डायरेक्टर दर्जाचा अधिकारी लेव्हल १३ ला असतो, म्हणजे मूळ पगार १,२३,१०० पासून २,१५,९०० पर्यंत. जॉइंट सेक्रेटरी लेव्हल १४ ला, १,४४,२०० पासून. राष्ट्रीय पातळीच्या संस्थांच्या प्रमुखांची पदं साधारण याच पट्ट्यात बसवलेली असतात. आता हिशोब करून बघा, लेव्हल १३ च्या पहिल्या पायरीवर मूळ १,२३,१००, डीए म्हणजे महागाई भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरला तर ६१,५५०, मुंबई-दिल्लीत घरभाडं ३० टक्क्यांनी ३६,९३०, प्रवासभत्ता त्यावरच्या डीएसकट १०,८००, बेरीज २,३२,३८०. सरकारी क्वार्टर मिळालं तर घरभाडं बंद होतं पण दक्षिण मुंबईत किंवा ल्युटन्स दिल्लीच्या आसपास सरकारी घर मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे हे मी सांगायला नको. शिवाय सीजीएचएस म्हणजे केंद्राची आरोग्य योजना आहे, पेन्शनची जी काय नवी व्यवस्था आहे ती आहे. यातून टॅक्स आणि पेन्शनचे पैसे कापून हातात येतात ते कमी असतात पण उपाशी कुणी राहत नाही, तेव्हा ‘कलेत पैसा नाही’ हे जे आपल्याकडे आईवडील म्हणतात ते निदान या खुर्चीपुरतं तरी खरं नाहीये.

मग रडतात कशाला लोक? खरी गोम खालच्या पायऱ्यांवर आहे. असिस्टंट क्युरेटर साधारण लेव्हल ७ च्या आसपास लागतो, मूळ ४४,९००. तिथून वरच्या खुर्चीपर्यंत मधली पदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती एकदा रिकामी झाली की वर्षानुवर्षं रिकामीच. प्रमोशन म्हणजे वरचा माणूस रिटायर होण्याची वाट बघणं. बरं तो रिटायर झाला तरी भरतीचे नियम सुधारायची फाईल मंत्रालयात फिरत असते, तोवर पद ‘प्रभारी’ म्हणून कुणाकडे तरी दिलेलं असतं, आणि आपण ज्या पदावर लागलो त्याच पदावरून निवृत्त होतो. माझ्या बरोबरीचे असे कित्येक जण आहेत ज्यांना मिनिएचरवर म्हणजे लघुचित्रावर बोट ठेवून हे कोटा शैलीचं आणि हे बुंदीचं असं अंधारात सांगता येईल पण त्यांच्या नेमप्लेटवर शेवटपर्यंत ‘असिस्टंट’ राहिलं. महाराष्ट्र सरकारच्या पुरातत्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडची संग्रहालयं बघा, नागपूरचं अजब बंगला बघा, १८६३ चं आहे, तिथल्या अभिरक्षक म्हणजे क्युरेटर पदांची रडकथा यापेक्षा वेगळी नाहीये.

आता मानाचं. सरकारात मान हा ज्ञानाला नसतो, लेव्हलला असतो, आणि हे कडवटपणे नाही सांगत, ती व्यवस्थाच तशी चालते. गॅलरी हे मंत्रालयाचं अधीनस्थ कार्यालय, म्हणजे डायरेक्टरने लिहिलेली नोट जॉइंट सेक्रेटरीकडे जाणार, तिथून गरज पडली तर वर सेक्रेटरीकडे, जो लेव्हल १७ ला २,२५,००० च्या पक्क्या पगारावर बसलेला असतो. मीटिंगमध्ये खुर्च्यांचा क्रमही त्याच हिशोबाने. तुम्ही अमृता शेरगिलवर तीस वर्षं काम केलेलं असो, टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस मागच्या महिन्यापर्यंत खतं बघत होता आणि पुढच्या वर्षी बंदरं बघणार असतो, पण निर्णय तो घेणार. त्यातले काही अधिकारी फार चांगले असतात हे पण सांगायला हवं, रात्री बसून कॅटलॉग वाचून येणारे मी पाहिलेत. पण चांगला निघाला तर नशीब, असा कारभार आहे.

कलेचा माणूस पोचतो का, तर दिल्लीत पोचत आलाय. जयपूर हाऊसमध्ये २९ मार्च १९५४ ला उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते, नेहरूंच्या उपस्थितीत गॅलरी उघडली तेव्हा पहिले प्रमुख होते हर्मन गोएट्झ, जर्मन कला इतिहासकार, त्याआधी बडोद्याचं म्युझियम सांभाळलेले. त्यांचं पद क्युरेटर असंच होतं, आजच्यासारखं डायरेक्टर जनरल वगैरे भारदस्त काही नाही. पुढे प्रदोष दासगुप्ता, म्हणजे शिल्पकार. मग लक्ष्मी सिहारे, कलेचे अभ्यासक. २००१ पासून जवळजवळ दीड दशक राजीव लोचन, स्वतः चित्रकार आणि फोटोग्राफर. २०१६ मध्ये अद्वैत गडनायक, ओडिशाचे शिल्पकार. म्हणजे ‘शेवटी आयएएसच बसतो’ हे दिल्लीच्या एनजीएमएबद्दल सरसकट म्हणता येणार नाही. दिल्लीच्याच नॅशनल म्युझियममध्ये मात्र आयएएस डायरेक्टर जनरल होऊन गेलेत, त्यातल्या वेणू वासुदेवन यांना २०१५ मध्ये मुदतीआधी हलवलं तेव्हा कलाक्षेत्रातल्याच लोकांनी आरडाओरडा केला होता, कारण माणूस काम करत होता. त्यामुळे आयएएस म्हणजे वाईट आणि कलावंत म्हणजे चांगला असा हिशोब करू नका, कलावंत डायरेक्टर झाला की त्याच्या गावच्या, त्याच्या कॉलेजच्या, त्याच्या गटाच्या चित्रकारांच्या रांगा लागतात हे पण आम्ही पाहिलंय.

मुंबईचं जरा वेगळं आहे आणि आपल्याला जवळचं आहे म्हणून थोडं थांबतो. रीगलच्या चौकातला सर कावसजी जहांगीर हॉल, एकेकाळी तिथे सभा व्हायच्या, मैफिली व्हायच्या, त्याचं आतून सगळं बदलून १९९६ मध्ये एनजीएमए मुंबई सुरू झाली. संस्थापक डायरेक्टर सरयू दोशी, जैन चित्रकलेच्या मोठ्या अभ्यासक. नंतरच्या काळात ही खुर्ची कधी नेहरू सायन्स सेंटरच्या डायरेक्टरांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून, कधी वेगळ्याच सेवेतून आलेल्या अधिकाऱ्याकडे, कधी महाराष्ट्र केडरच्या आयएएस अधिकाऱ्याकडे. अतिरिक्त कार्यभार म्हणजे काय ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. माणूस आपलं मूळ ऑफिस सांभाळून आठवड्यातून जमेल तसा इकडे येतो, सह्या करतो, जातो. सायन्स सेंटरवाल्यांनी आपल्या परीने गॅलरी चालती ठेवली, त्यांना दोष द्यायचा नाही. पण देशातल्या सगळ्यात श्रीमंत शहरातल्या राष्ट्रीय गॅलरीला पूर्ण वेळचा प्रमुख असावा की नाही, हा प्रश्न सरकारला अवघड वाटू नये.

आणि ८ फेब्रुवारी २०१९ ची ती संध्याकाळ आठवा. प्रभाकर बरव्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, अमोल पालेकर बोलायला उभे राहिले, बरव्यांबद्दल बोलता बोलता त्यांनी विषय काढला की गॅलरीची स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती गेली आणि आता कुठलं प्रदर्शन लावायचं हे दिल्लीत ठरणार, आणि त्यांना मधेच अडवण्यात आलं, विषयावर या म्हणून. व्हिडिओ सगळ्या देशाने बघितला, चर्चा झाली ती अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण आमच्या धंद्यातल्या लोकांनी त्यात दुसरी गोष्ट ऐकली. मुंबईच्या गॅलरीत बरवे लावायचे का गायतोंडे लावायचे हे मुंबईत बसलेल्या माणसाला ठरवता येत नसेल तर त्या डायरेक्टरला लेव्हल १३ द्या की १४ द्या, तो खरं म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक झाला. पालेकर जे विचारत होते ते नेमकं या खुर्चीच्या अधिकाराबद्दलच होतं, आणि पगाराच्या स्लिपवर ते कुठे दिसत नाही.

अधिकार म्हणजे काय ते अगदी बारीकसारीक गोष्टीत बघायचं असतं. एका सरकारी संग्रहालयातला प्रसंग सांगतो, नाव नको. कागदावरच्या कामांना, म्हणजे जलरंग, एचिंग, जुने फोटो, यांना माऊंट करायला अ‍ॅसिड-फ्री बोर्ड लागतो. साध्या बोर्डात आम्ल असतं, दहा-पंधरा वर्षांत चित्राच्या कडेने तपकिरी पट्टा उमटतो आणि तो नंतर जात नाही. खरेदी टेंडरने, सर्वात कमी दर भरणारा म्हणजे एल-वन त्याला ऑर्डर. माल आला, गठ्ठ्यावर ‘अ‍ॅसिड फ्री’ असं छापलेलं, आमच्याकडे पीएच पेन होतं त्याची रेघ ओढली, चांगल्या बोर्डवर ती जांभळी होते, ही पिवळीच राहिली. आता डायरेक्टरला माल परत पाठवायचा अधिकार कागदावर आहे, पण परत पाठवला तर आर्थिक वर्ष संपतं, निधी लॅप्स होतो, पुढच्या वर्षी ‘मागच्या वर्षी तुम्ही खर्चच केला नाही’ म्हणून बजेट कापलं जातं, आणि वर पुरवठादाराची तक्रार आली की चौकशीला उत्तर द्यायचं ते वेगळंच. डायरेक्टरसाहेब सज्जन होते, चित्रकलेची उत्तम जाण, त्यांनी दोन दिवस विचार केला आणि बोर्ड ठेवून घेतला, फक्त तो प्रदर्शनाच्या पाट्यांना वापरायचा असं ठरलं. चित्रं पुढचं वर्षभर जुन्या माऊंटमध्येच राहिली. एसीचंही तसंच, इमारत सार्वजनिक बांधकामवाल्यांच्या ताब्यात, संध्याकाळी सहाला प्लांट बंद, मुंबईच्या पावसाळ्यात रात्रभर स्टोअरमध्ये दमटपणा, सकाळी परत एसी सुरू, कॅनव्हास रोज फुगतो आणि रोज आकसतो. चोवीस तास एसी चालवा एवढं सांगण्याइतका त्या खुर्चीला अधिकार नव्हता. लाखाच्या वर पगार होता.

उलट जबाबदारी मात्र सगळी त्या एका सहीवर. नवीन डायरेक्टर येतो तेव्हा चार्ज घ्यायचा असतो, म्हणजे संग्रहातली प्रत्येक वस्तू नोंदवहीशी ताडून बघून ‘मिळाली’ म्हणून सही. एनजीएमएच्या संग्रहात १७ हजारांच्या वर कामं आहेत. नोंदवहीत लिहिलेलं असतं क्रमांक, चित्रकार, माध्यम, माप, कुठून आलं, किंमत, सध्या कुठे आहे. मोजायला गेलं की माप जुळत नाही कारण मधे कधीतरी रीलायनिंग म्हणजे जुन्या कॅनव्हासच्या मागे नवं कापड चिकटवताना कड दुमडली गेली, किंवा चित्र एखाद्या मंत्र्यांच्या ऑफिसात पूर्वी कधीतरी लावायला नेलंय आणि पावती सापडत नाही. पूर्ण पडताळणीला माणसं आणि वेळ लागतो, दोन्ही नसतं, त्यामुळे बहुतेक जण ‘पडताळणी होईपर्यंत’ असा शेरा मारून सही करतात, आणि तो शेरा पुढच्यालाही तसाच मिळतो. कॅगने २०१३ च्या अहवालात म्युझियमांमधल्या नोंदी आणि पडताळणीवर ताशेरे ओढलेत ते उगाच नाही. तुमच्या मुलीला कधी ही संधी आलीच तर ‘चार्ज लिस्ट दाखवा’ हे पहिलं वाक्य असू दे.

बाहेर काय चालतं ते थोडक्यात, कारण तुलना सगळे करतात. लंडनच्या टेट आणि नॅशनल गॅलरीला सरकार पैसे देतं पण डायरेक्टर नेमतं विश्वस्त मंडळ, पंतप्रधानांची मान्यता घेऊन. तोच डायरेक्टर सरकारी पैशाचा हिशोब पार्लमेंटला द्यायला जबाबदार, त्याचा पगार वार्षिक अहवालात छापलेला असतो, कुणीही वाचा. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला लागत नाही. पण तिथेही सगळं गोड नाहीये. निकोलस सेरोटा १९८८ ते २०१७ टेटला होते, जाताना त्यांना शिडाची होडी भेट द्यायची म्हणून कर्मचाऱ्यांकडून वर्गणी मागितली, आणि त्याच सुमारास त्या कर्मचाऱ्यांची कँटीनमधली सवलत बंद झालेली, मग काय बोंब झाली ती झालीच. काही वर्षांपूर्वी त्याच टेटने कॉफी विभागाच्या प्रमुखासाठी जवळजवळ ४० हजार पौंडांची जाहिरात दिली आणि लोकांनी लगेच दाखवून दिलं की तिथल्या क्युरेटरला सरासरी याहून कमी मिळतात. म्हणजे वरच्याला मान आणि मधल्याला उपासमार हा प्रकार इंग्लंडातही आहे, फरक इतकाच की तिथे आकडे समोर असल्यामुळे भांडता येतं.

न्यूयॉर्कच्या मेटचं म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियमचं वेगळं. ते सरकारी नाही पण इमारत शहराची आणि काही खर्च शहर देतं. २०१७ ला थॉमस कॅम्पबेल डायरेक्टरपदावरून गेले आणि मंडळाने प्रेसिडेंट डॅनियल वाईस यांना सीईओ केलं, डायरेक्टर त्यांच्या हाताखाली. २०१८ ला मॅक्स हॉलाइन आले ते तसेच आले, दोन्ही पदं त्यांच्याकडे एकत्र आली ती २०२३ मध्ये. जगातल्या एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये सुद्धा कला जाणणारा मोठा की पैसा सांभाळणारा मोठा, हे भांडण पाच-सहा वर्षं चाललं. आणि लूव्हरच्या प्रमुखाला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष नेमतात, मान यापेक्षा मोठा काय असणार, पण ऑक्टोबर २०२५ ला भरदिवसा दागिने चोरीला गेले तेव्हाच्या प्रमुख लॉरान्स दे कार यांना सिनेटसमोर बसून उत्तरं द्यावी लागली, राजीनामा पुढे केला होता असंही त्यांनी सांगितलं. आपल्याकडे एखादं चित्र बुरशीने गेलं तर कुठल्या सभागृहात कुणाला विचारलं जातं, आठवून बघा.

आपल्याकडे तिसरा रस्ता आहे ट्रस्टचा, आणि माझं मत विचाराल तर महाराष्ट्रात चांगलं काम जास्त तिथेच झालंय. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सरकारी नाही, विश्वस्तांचं आहे. सदाशिव गोरक्षकरांनी तिथे वर्षानुवर्षं डायरेक्टर म्हणून काम केलं, सब्यसाची मुखर्जी २००७ पासून आहेत. इतकी वर्षं एकच माणूस राहिला की काय होतं ते २०१७ च्या ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ प्रदर्शनात दिसलं, ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू आणि भारतातल्या वस्तू एका दालनात शेजारी शेजारी, असल्या प्रदर्शनाची बोलणी, विमा, कर्जाऊ करार म्हणजे वस्तू उसन्या आणायचे करार यात वर्षं जातात, तेवढ्या वेळात सरकारी खुर्चीत तीन माणसं बदललेली असतात. बदलीचं चक्र हा माझ्या मते पगारापेक्षा मोठा रोग आहे. मात्र ट्रस्टमध्ये क्वार्टर नाही, वेतन आयोग नाही, विश्वस्तांची मर्जी हा एक भाग असतोच, आणि पैसा तिकिटातून, देणग्यांतून, कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक निधीतून स्वतः उभा करायचा, म्हणजे डायरेक्टरचा अर्धा दिवस शेटजींच्या ऑफिसात जातो.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून हातात घेतलं, तस्नीम मेहता तिथे मानद संचालक होत्या, म्युझियमचा अक्षरशः कायापालट झाला. कामाबद्दल शंकाच नाही. पण ‘मानद’ ही पद्धत मला खटकते. बिनपगारी खुर्ची फक्त त्यालाच परवडते ज्याचं घर दुसऱ्या पैशावर चालतं. सांगलीच्या किंवा परभणीच्या शिक्षकाच्या मुलीने कितीही अभ्यास केला तरी ती मानद संचालक होऊ शकत नाही, तिला भाडं भरायचं असतं. समाजाला वाटतं पैसे न घेता करतात म्हणजे केवढा त्याग, मला वाटतं पालिकेने सरळ पगार द्यावा आणि मग हिशोब मागावा.

तर तुमच्या लेकीसाठी व्यवहाराचं. बडोद्याचा म्युझियॉलॉजी विभाग जुना आणि चांगला, तिथली पदवी चालते. पण नुसत्या पदवीवर सरकारी जाहिरातीची वाट बघत बसू देऊ नका. आधी ट्रस्टच्या किंवा खाजगी संग्रहात चार-पाच वर्षं हाताने काम करू दे, नोंदणी, कंडिशन रिपोर्ट म्हणजे वस्तूच्या अवस्थेची नोंद, कर्जाऊ करार, विमा, आणि कॉन्झर्व्हेशनची तोंडओळख. चित्र भिंतीवरून उतरल्यापासून परत टांगेपर्यंतचा विमा कसा काढतात हे ज्याला येतं त्याला गॅलरीवाले शोधत येतात. सरकारी जागा निघाली की जाहिरातीत तीन गोष्टी बघायच्या, पद थेट भरतीचं आहे, प्रमोशनचं आहे की प्रतिनियुक्तीचं म्हणजे दुसऱ्या खात्यातून ठराविक मुदतीसाठी माणूस आणायचं, शैक्षणिक अटीत कला इतिहास किंवा म्युझियॉलॉजी सक्तीचं आहे की नुसतं ‘प्राधान्य’, आणि मुदत किती वर्षांची. अट नुसती ‘प्राधान्य’ अशी असेल आणि पद प्रतिनियुक्तीचं असेल तर समजायचं की दार दुसऱ्या सेवांसाठी उघडं ठेवलंय, बाहेरून जाऊन तिथे लागणं कठीण. आणि मुलाखतीत विचारायला लाजू नये की प्रदर्शनाचा कार्यक्रम कोण मंजूर करतं, सल्लागार समिती आहे का, खरेदीची मर्यादा किती. पगार ते सांगतीलच, तो तक्त्यात आहे.